प्रकृतीची विकृती : जाहिरातीचे मानसशास्त्र आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

चिकित्सेचा आरंभ रुग्णाच्या तक्रारीपासून होतो. परंतु ही तक्रार रुग्णाच्या मनात आली कोठून, याचा विचार आपण क्वचितच करतो. ज्वर, कास, अतिसार, संधिशूल यांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे वेदना स्वतःच रुग्णास आपल्याकडे घेऊन येते. मात्र वर्ण सावळा असणे, उंची मध्यम असणे, चाळिशीत केस पांढरे होणे, तरुणपणी क्वचित स्वप्नदोष होणे अशा 'तक्रारी' घेऊन येणाऱ्यांची संख्याही आपल्या चिकित्सालयांत लक्षणीय असते. यांपैकी पुष्कळांच्या शरीरात परीक्षणाअंती कोणतीही विकृती आढळत नाही. तरीही त्यांचे दुःख खोटे नसते. ते दुःख त्यांच्या मनात निर्माण केलेले असते, आणि ते निर्माण करण्याचे एक शास्त्र गेल्या सव्वाशे वर्षांत पद्धतशीरपणे विकसित झालेले आहे.

प्रस्तुत लेखात या शास्त्राचा थोडक्यात परिचय करून देऊन, त्याचा आयुर्वेदीय औषधांच्या बाजारावर व माणसाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेवर काय परिणाम झाला, याचा विचार केला आहे. वैद्य व औषधिनिर्माते या दोघांचाही या विषयाशी निकटचा संबंध आहे.

मानसशास्त्र बाजारात कसे आले

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ वॉल्टर डिल स्कॉट यांनी १९०३ मध्ये जाहिरातीच्या तत्त्वांवर व १९०८ मध्ये जाहिरातीच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिले. ग्राहक प्रत्येक वेळी तर्काने विचार करून वस्तू घेत नाही, तो सूचनेच्या प्रभावाखाली येतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. यानंतर वर्तनवादाचे प्रणेते जॉन वॉटसन यांचे नाव येते. भीती, क्रोध व प्रेम या माणसाच्या जन्मजात भावना असून त्यांचा संबंध कोणत्याही वस्तूशी जोडता येतो, असे त्यांचे मत होते. १९२० मध्ये त्यांना विद्यापीठ सोडावे लागले आणि ते जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरातसंस्थेत दाखल झाले. प्रयोगशाळेत सिद्ध केलेले तत्त्व तेथे बाजारात वापरले गेले. नवप्रसूत मातेला बाळाच्या आरोग्याची भीती घालून पावडर विकणे, हे त्याचे एक ठळक उदाहरण होय.

त्याच सुमारास फ्रॉइड यांचे भाचे एडवर्ड बर्नेज यांनी अबोध मनाचे सिद्धांत जनसंपर्काच्या धंद्यात आणले. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींना जाहीरपणे सिगारेट ओढावयास लावून त्यांनी धूम्रपानाचा संबंध स्त्रीस्वातंत्र्याशी जोडला. सिगारेट तीच राहिली, तिचा अर्थ मात्र बदलला. पुढे अर्नेस्ट डिश्टर यांनी ग्राहकांच्या प्रदीर्घ मुलाखती घेऊन वस्तूमागील सुप्त इच्छा शोधण्याची पद्धत रूढ केली, आणि १९५७ मध्ये व्हॅन्स पॅकार्ड यांनी या सर्व प्रकारांवर टीका करणारा ग्रंथ लिहून सामान्य वाचकास सावध केले.

या इतिहासातील आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण लिस्टरिन या द्रावणाचे आहे. हे १८७९ सालचे जंतुनाशक. १९२०च्या दशकात त्याच्या जाहिरातींनी मुखदुर्गंधीसाठी एक अपरिचित, वैद्यकीय वाटणारा शब्द पुढे आणला. लग्न न जमणे, मित्रांनी टाळणे अशा सामाजिक दुःखांचे कारण म्हणून तो लोकांसमोर ठेवला गेला. औषध आधीपासून होते. रोगाची लाज नंतर निर्माण केली गेली. आपल्या परिभाषेत सांगायचे तर येथे औषधासाठी व्याधी शोधण्यात आला.

मुंबई इलाख्यातील अनुभव

हे सर्व परदेशात घडले, आपला त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न येथे कोणी विचारील. वॉटसन ज्या संस्थेत होते त्याच जे. वॉल्टर थॉम्पसनने १९२९ मध्ये मुंबईत कार्यालय उघडले. हॉर्लिक्ससारख्या पेयाच्या जाहिराती येथील वृत्तपत्रांतून झळकू लागल्या. कचेरीत थकणारा, बढती न मिळणारा, घरी चिडचिड करणारा मध्यमवर्गीय पुरुष त्यांत दाखवलेला असे, आणि त्याच्या अपयशाचे मूळ शक्तिक्षयात असल्याचे सुचवले जाई. नोकरीतील अडचण हा अशा रीतीने शरीराचा दोष ठरला.

या बाबतीत देशी औषधिविक्रेते मागे नव्हते, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या असोत किंवा जर्मनीहून येणारे ओकासा हे टॉनिक असो, १९२० ते १९४० या काळातील मुंबई इलाख्याच्या वृत्तपत्रांत पौरुषवर्धक औषधांच्या जाहिराती विपुल प्रमाणात होत्या. वीर्यनाश, धातुक्षीणता, वैवाहिक असमाधान ही त्यांची शब्दावली होती. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक विषयांतील अज्ञान व भीती यांविरुद्ध लिहीत राहिले. त्यांच्या मतांशी सर्व वैद्य सहमत होतील असे नाही. तथापि भीतीवर चालणाऱ्या व्यापाराचा धोका त्यांनी ओळखला होता.

या भीतीचे पुढे काय झाले? १९६० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 'धात सिंड्रोम' ही संज्ञा रूढ केली. मूत्रावाटे वा झोपेत शुक्र जाते व त्यामुळे आपण क्षीण होत आहोत, या दृढ भीतीने ग्रासलेल्या तरुणांचे हे वर्णन आहे. यात शारीरिक विकृती बहुधा नसते. चिंता, निद्रानाश, अवसाद ही लक्षणे मात्र खरी असतात. आमच्या शिंदखेडा परिसरात, किंवा खानदेशातील कोणत्याही रेल्वे स्थानकाजवळ, भिंतीवर रंगवलेल्या 'गुप्तरोग' जाहिराती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या भीतीचे पोषण कोठे होते हे निराळे सांगावयास नको. शास्त्रात शुक्रक्षयाची लक्षणे दिलेली आहेत : दौर्बल्य, मुखशोष, पांडुता, अंगसाद, श्रम, क्लैब्य इत्यादी. ही लक्षणे न पाहता केवळ भयाच्या आधारावर वाजीकर योग देणे म्हणजे त्या भयावर वैद्यकाची मोहर उमटवणे होय.

खानदेशातील एक उदाहरण : हळद, चंदन आणि वय

शिंदखेड्याहून सुरत-भुसावळ मार्गाने पूर्वेस निघाले की काही स्थानकांनंतर अमळनेर लागते. २९ डिसेंबर १९४५ रोजी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना या अमळनेरचा. वनस्पती तूप व कपडे धुण्याचा '७८७' साबण ही तिची आरंभीची उत्पादने. हीच पुढे विप्रो म्हणून जगप्रसिद्ध झाली. जुन्या पिढीतील खानदेशी गृहिणीने तो साबण घेतला तो मळ निघतो म्हणून. त्यात स्वतःविषयीच्या कल्पनेचा फारसा प्रश्न नव्हता.

१९८०च्या दशकाच्या मध्यास याच कंपनीने संतूर हा अंगाचा साबण बाजारात आणला. आरंभी त्याची जाहिरात हळद व चंदन या घटकांवर आधारलेली होती. नंतर तिचा रोख बदलला. तरुण दिसणारी एक स्त्री, तिच्याकडे कौतुकाने पाहणारे लोक, आणि तेवढ्यात तिला आई म्हणून हाक मारीत येणारी मुलगी. हे दृश्य पुढे अनेक वर्षे विविध रूपांत दाखवले गेले, आणि हा साबण देशातील मोठ्या खपाच्या साबणांत जाऊन बसला. हळद तीच, चंदन तेच. प्रथम द्रव्याचे वर्णन होते. नंतर ते वापरणाऱ्या स्त्रीचे वर्णन झाले. पहिल्या जाहिरातीस उत्तर देताना ग्राहक विचारील, 'हळद त्वचेला चांगली आहे काय?' दुसरीस उत्तर देताना ती आरशात पाहून विचारील, 'माझे वय दिसते काय?' हा दुसरा प्रश्न अधिक प्रभावी आहे, कारण त्याचे समाधान कधीच पूर्ण होत नाही.

हा साबण कायद्याने प्रसाधन आहे आणि जाहिरात करणे हा निर्मात्याचा हक्क आहे, याविषयी वाद नाही. येथे हे उदाहरण दोषारोपासाठी घेतलेले नसून यंत्रणा समजावी म्हणून घेतले आहे. चरकांनी चंदनाची गणना वर्ण्य गणात आणि हरिद्रेची गणना कुष्ठघ्न गणात केलेली आहे. म्हणजे द्रव्यांची निवड शास्त्रसंमतच आहे. जे बदलले ते द्रव्य नव्हे, तर ते घेणाऱ्याचे स्वतःकडे पाहणे.

औषध की प्रसाधन : न्यायालयाने विचारलेला प्रश्न

ग्राहकाचे मन ही केवळ जाहिरातदाराची चिंता राहिलेली नाही; ती कायद्याचीही कसोटी झाली आहे. याची दोन उदाहरणे प्रत्येक औषधिनिर्मात्याने ध्यानात ठेवावीत.

केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत विको लॅबोरेटरीज सुरू केली. या कंपनीचे हळदयुक्त क्रीम औषध की प्रसाधन, यावर अबकारी खात्याशी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून वाद चालला. औषध ठरल्यास कर कमी, प्रसाधन ठरल्यास अधिक. दीर्घ लढ्यानंतर सर्वोच्च न्यायालयातही ते आयुर्वेदीय औषध म्हणूनच मान्य झाले. याउलट बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाच्या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते औषध मानण्यास नकार दिला. ग्रंथोक्त घटक असले तरी सामान्य माणूस त्याकडे दात घासण्याची भुकटी म्हणूनच पाहतो, हा विचार निर्णायक ठरला. औषध सामान्यतः चिकित्सकाच्या सल्ल्याने व मर्यादित काळासाठी घेतले जाते, हेही तेथे लक्षात घेतले गेले.

दोन निकाल परस्परविरुद्ध दिसतात. त्यांमागील प्रश्न मात्र एकच आहे : लोकव्यवहारात या वस्तूकडे कोणत्या दृष्टीने पाहिले जाते? जो निर्माता आपल्या कल्पाची जाहिरात नित्याच्या सौंदर्यासाठी करतो आणि परवाना मात्र औषधाचा दाखवतो, तो स्वतःच्या औषधाचे औषधपण लोकांच्या मनातून पुसत असतो. त्याची झळ केवळ करापुरती नसते. ज्या समाजाला च्यवनप्राश म्हणजे हिवाळ्यातील एक गोड पदार्थ वाटू लागतो, त्या समाजास मात्रा, काल, अग्निबल यांचा विचार करणारा वैद्यही अनावश्यक वाटू लागतो.

प्रकृतीलाच विकृती ठरवणे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जाहिरातीच्या मानसशास्त्राचे सार एका वाक्यात सांगायचे तर ते असे : जे प्रकृत आहे ते माणसाला विकृत वाटू लागावे. आपल्या शास्त्राची भूमिका याच्या नेमकी उलट आहे.

वर्णाचेच उदाहरण घ्या. हिंदुस्तान लिव्हरने १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली बाजारात आणले. पुढील काही दशकांत गोरा वर्ण म्हणजे लग्न, नोकरी व आत्मविश्वास, हे समीकरण घराघरांत पोहोचले. २०२० मध्ये कंपनीने नाव बदलून ग्लो अँड लव्हली केले. तथापि रुजलेली समजूत नावाबरोबर जात नाही. लग्नसराई जवळ आली की गोरे होण्यासाठी औषध मागणाऱ्या मुली व त्यांच्या माता आजही येतात. या मागणीस प्रतिसाद म्हणून अनेक आयुर्वेदीय फार्मसींनीही गोरेपणाची क्रीम काढली. परंतु चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात कृष्ण, श्याम, श्यामावदात व अवदात हे चारही शरीराचे प्रकृतिवर्ण सांगितले आहेत. विकृत वर्णांच्या यादीत नील, श्याव, ताम्र, हरित यांच्याबरोबर शुक्ल वर्णही आहे. काळा वर्ण हा रोग आहे असे आपले शास्त्र कोठेही म्हणत नाही. वर्ण्य द्रव्याचे कार्य बिघडलेला वर्ण मूळ पदावर आणणे हे आहे; मूळ वर्ण बदलणे हे नव्हे. 'आयुर्वेदिक गोरेपणा' हा शब्दप्रयोग म्हणून शास्त्रविसंगत आहे.

वार्धक्याचेही तसेच. सुश्रुतांनी क्षुधा, तृष्णा, निद्रा व मृत्यू यांच्याबरोबर जरेची गणना स्वाभाविक व्याधींत केली आणि तिचेही कालकृत व अकालकृत असे भेद सांगितले. चिकित्सेचा विषय प्रामुख्याने अकालकृत जरा हा आहे. पन्नाशीतील सुरकुती पाहून खंत करणाऱ्या व्यक्तीस हा भेद समजावून सांगणे, हीदेखील चिकित्साच आहे.

'स्व'च्या कल्पनेचे आणखी एक रूप अलीकडे दिसते. १९७८ मध्ये अमेरिकेत ग्राहकांची मूल्ये व जीवनशैली यांनुसार वर्गवारी करण्याची पद्धत पुढे आली. माणसाला एका गटाचे नाव द्यावे आणि मग त्या गटासाठीच्या वस्तू त्याला विकाव्यात, ही तिची दिशा. आज 'तुमची प्रकृती ओळखा' अशा दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीनंतर वातप्रकृतीचा शाम्पू आणि पित्तप्रकृतीचा चहा सुचवला जातो. प्रकृती ही शुक्रशोणितसंयोगाच्या वेळी ठरते आणि चिकित्सेत सार, संहनन, सात्म्य, सत्त्व इत्यादींसह दशविध परीक्षेतील एक अंग म्हणून पाहिली जाते. तिला केवळ ओळखीची चिठ्ठी करून टाकणे हे तिचे अवमूल्यन होय.

चरकांनी रोगाच्या कारणांत प्रज्ञापराधास फार वरचे स्थान दिले आहे. धी, धृती व स्मृती यांचा भ्रंश झाला की मनुष्य अहिताला हित समजतो. तसेच लोभ, भय, ईर्ष्या हे धारण करण्याचे वेग म्हणून सांगितले आहेत. वॉटसन यांनी ज्या भयाचा उपयोग विक्रीसाठी केला, त्याच भयाला आवर घालण्यास आपले शास्त्र सांगते. एक शास्त्र मनाच्या वेगांना चेतवते, दुसरे त्यांना धारण करावयास शिकवते. दोहोंपैकी आपण कोणाच्या बाजूस आहोत, हे आपल्या चिकित्सालयातील व दुकानातील आचरणावरून ठरते.

कायद्याची मर्यादा

औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ चा आहे. त्याच्या अनुसूचीतील ५४ विकारांवरील इलाजाची जाहिरात निषिद्ध असून त्यांत मधुमेह, स्थौल्य, उंची यांचाही समावेश आहे. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याच्या दाव्यासही मनाई आहे. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत व पुढील अपराधास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ही यादी वाढवून गोरेपणासारखे दावेही तीत आणण्याचा मसुदा केंद्र सरकारने प्रसिद्ध केला होता. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींस पूर्वमान्यता आवश्यक करणारा नियम १७० हा २०१८ मध्ये आला आणि १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने वगळण्यात आला. त्यावर सर्वोच्च न्यायालयात बरीच चर्चा झाली. नियम येतात व जातात. १९५४ चा अधिनियम मात्र कायम आहे. २०२४ मध्ये भ्रामक जाहिरातींच्या प्रकरणी पतंजलीला वृत्तपत्रांतून जाहीर क्षमायाचना करावी लागली, तेव्हा त्याचा ओरखडा गावोगावच्या प्रामाणिक वैद्यांच्या विश्वासार्हतेवरही उमटला, हे विसरून चालणार नाही.

वैद्यबंधूंसाठी व औषधिनिर्मात्यांसाठी सूचना

१) रुग्णेतिहास घेताना 'हा दोष आहे असे तुम्हास प्रथम कोणी सांगितले?' हा प्रश्न अवश्य विचारावा. उत्तरात भिंत, दूरदर्शन, मोबाईल किंवा शेजारीण आली, तर चिकित्सेची दिशा बदलते.

२) परीक्षण मात्र पूर्ण करावे. थकव्यामागे पांडुरोग वा प्रमेह असू शकतो, भीतीमागे गंभीर अवसाद असू शकतो. आवश्यक तेथे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्यात कमीपणा मानू नये.

३) विकृती नसल्यास 'ही तुमची प्रकृती आहे' असे स्पष्ट सांगावे. आश्वासन हा सत्त्वावजयाचा भाग आहे. 'आपण दिले नाही तर शेजारचा देईल' या विचाराने औषध देऊ नये. सल्ल्याचे शुल्क घेण्यात संकोच बाळगला नाही, तर अनावश्यक औषध देण्याचा मोहही कमी होतो.

४) लेबल व पत्रक यांवर ग्रंथाधार, घटक, मात्रा, अनुपान, कालावधी आणि कोणी घेऊ नये, हे ठळकपणे छापावे. 'हमखास', 'शंभर टक्के', 'कोणताही दुष्परिणाम नाही' हे शब्द वर्ज्य करावेत. रसकल्पांच्या बाबतीत तर ते असत्यच आहेत.

५) जाहिरातीचा मसुदा तयार झाल्यावर एक साधी कसोटी लावावी : हे वाचून निरोगी माणसास आपण रोगी आहोत असे वाटेल काय? वाटत असल्यास तो मसुदा बदलावा.

६) आपणही ग्राहकच आहोत, याचे भान ठेवावे. फुकट नमुने, भेटवस्तू, 'दहावर दोन' अशा योजना यांमागे पारस्परिकतेचे तत्त्व आहे. घेतलेल्या उपकाराची फेड करावीशी वाटणे हा मनुष्यस्वभाव होय. रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ मधील आपल्या ग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन केले आहे. औषधनिवडीवर योजनेचा प्रभाव पडत नाही ना, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

उपसंहार

जाहिरात ही सर्वस्वी वाईट आहे असा या लेखाचा अभिप्राय नाही. आयुर्वेदीय औषधे खेड्यापाड्यांत पोहोचली त्यात जाहिरातीचा वाटा आहेच. मनाचे जे ज्ञान भीती पसरवण्यास वापरता येते, तेच पथ्य पाळवून घेण्यास, औषध नियमित घेण्याची सवय लावण्यास व व्यसन सोडवण्यासही उपयोगी पडते. ज्ञान निरपराध आहे. त्याचा विनियोग आपल्या हाती आहे. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आयुर्वेदाचे पहिले प्रयोजन असून आतुराच्या विकाराचे प्रशमन हे त्यानंतर येते. ज्या काळात स्वस्थ माणसास आतुर बनवण्याची एवढी मोठी यंत्रणा अहोरात्र कार्यरत आहे, त्या काळात 'तुम्हाला काही झालेले नाही' हे अधिकारवाणीने सांगू शकणारा वैद्य समाजास अधिकच हवा आहे. असा वैद्य प्रत्येक तालुक्याच्या गावी असावा आणि त्याच्या शब्दामागे त्याच्या औषधिनिर्मात्यानेही उभे राहावे, एवढीच अपेक्षा.